रशीदभाईंची संमती

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत आहे, पण वेगळी. दिग्रसमध्ये पुष्कळांना माहीत आहे, तीही वेगळीच. ज्यांच्या अंगावर ती घडली त्या रशीदभाईंनाही खरी माहीत नव्हती, आणि दोन महिन्यांपूर्वी ते गेले. मारणाऱ्यांना कदाचित ठाऊक असेल. पण त्यांना ती लक्षात ठेवण्यासारखी वाटली नसावी. म्हणजे आता मीच उरलो. आणि तुम्ही.

कुठून सुरू करू? धंद्यापासून करतो. मी लोकांची सरकारी टेंडरं भरून देतो. बसस्टँडजवळ एक गाळा, एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीला पुस्तकांचं कपाट. आधी वाचनालयात नोकरी होती, म्हणून सगळे ‘सर’ म्हणतात. माझ्याकडे येतात ती छोटी माणसं — बचत गटाच्या बाया, तांड्यावरचा एखादा ट्रॅक्टरवाला, फर्निचर करणारे. त्यांना काम येतं, कागद येत नाहीत. आता टेंडर ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पेनड्राइव्हसारखी एक वस्तू लावावी लागते, तीच त्या माणसाची सही. माझी माणसं तिला ‘सही’च म्हणतात. बहुतेकांच्या सह्या माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असत, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी, आणि पासवर्ड मला पाठ. हे नियमात बसत नाही. मी नियमांचा माणूस आहे असं सगळे म्हणतात, तरी बसत नाही. हे एवढं लक्षात ठेवा.

रशीदभाईंचं आर्णी रोडवर वेल्डिंगचं दुकान होतं. शाळेचे लोखंडी बाक ते असे करत की त्यावर पोरं नाचली तरी जोड सुटायचा नाही. पण ते बाक वर्षानुवर्षं एका मोठ्या ठेकेदाराच्या नावाने शाळांत जात होते. रशीदभाई बनवायचे, तो पुरवायचा. एकदा माझ्यासमोर बसून चहा ओतता ओतता म्हणाले, “सर, लेकरू माहं अन् आडनाव शेजाऱ्याचं, असं झालं हे. अजून किती दिवस बारसं त्याच्याच घरी करू?” मी हसलो. आणि मीच म्हणालो — हो, मीच — की मग तुम्ही स्वतःच्या नावाने भरा ना.

झरी जामणीकडच्या आश्रमशाळांना बाक हवे होते. आम्ही आठवडाभर कागद जमवले. शेवटचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, दाबण्याआधी बोट पँटला पुसून.

मुदत संपायची होती त्या दिवशी संध्याकाळी पाचला. दुपारी दोनच्या सुमारास त्या ठेकेदाराचे चौघे आले. ठेकेदाराची तीन टेंडरं त्याच्याच माणसांच्या नावाने भरलेली होती. चौथं कुणीतरी भरलंय आणि ते दिग्रसमधूनच, एवढी कुणकुण त्यांना लागली होती. त्यांच्यातला एक पन्नीत सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत माझ्या खुर्चीच्या हातावर टेकला. “चौथं कोनं भरलं, सर?” इतकंच. आवाज चढवला नाही. मला कुणी हात लावला नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे — एक थप्पडही नाही.

मी नाव घेतलं नाही. पुढे कितीतरी दिवस या एका वाक्यावर मी झोपलो. मी नाव घेतलं नाही — मी ड्रॉवर उघडला आणि रशीदभाईंची सही बोटाने पुढे ढकलली.

“काढा मंग वापस,” तो म्हणाला.

आता इथे थांबतो. कारण इथपर्यंतचं भित्रेपण कुणाचंही असू शकतं. टेंडर मागे घेणं पाच मिनिटांचं काम होतं. सही समोर होती, पासवर्ड मला पाठ होता. मी तेव्हाच काढलं असतं तर रशीदभाईंना संध्याकाळी एक वाईट बातमी मिळाली असती, बस. ते माझ्यावर चिडले असते. कदाचित कायमचे. आणि तेच मला नको होतं. त्यांच्याशी दगा करणारा मी दिसायला नको होतो. म्हणून मी चष्मा सारखा केला आणि म्हणालो, मालकाच्या संमतीशिवाय टेंडर मागे घेता येत नाही.

वाक्य खरं होतं. त्या वाक्याइतकं खोटं मी आयुष्यात काही बोललो नाही.

तो हसला. “असं का? मंग चला, संमती घेऊन येऊ. कायद्यानंच चालू.”

बाहेर पडताना शटर अर्धं खाली होतं. मी घाईत वाकायला विसरलो आणि कपाळ त्याच्या काठावर आपटलं. भुवईच्या वर खोक पडली, रक्त डोळ्यात उतरलं. त्यांच्यातला एक म्हणाला, “आरामानं, सर.” मला मागच्या सीटवर बसवलं. रुमालही त्यानेच दिला.

आर्णी रोडवर गाडी थांबली तेव्हा रशीदभाई बाकांच्या पायांसाठी चौकोनी पाइप कापत होते. पहिला फटका त्याच पाइपचा. कानावर. ते उठू लागले तर दुसरा गुडघ्यावर. लाल रंगाचा डबा लवंडला आणि जमिनीवर रंग कुठला, रक्त कुठलं, ते कळेनासं झालं. शेजारच्या दुकानांची शटरं एकामागून एक खाली आली. तिघे मारत होते, चौथा माझ्याजवळ उभा होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून — लग्नात फोटो काढताना ठेवतात तसा.

“काढतं का टेंडर?”

“नाई काढत.”

त्यांनी रशीदभाईंचा उजवा हात एका तयार बाकाच्या पत्र्यावर धरला. हातोडी तिथेच पडलेली होती. तो आवाज मी कसा लिहू? पत्र्याचा आवाज मोठा होता, हाडांचा लहान, आणि मला दोन्ही वेगवेगळे ऐकू आले. करंगळीजवळची दोन बोटं. मग पुन्हा विचारलं. रशीदभाई ओरडत होते, तोंडातून लाळ गळत होती, आणि त्या ओरडण्यातूनच म्हणाले, “माह्या नावानं भरलं, नाई काढत, नाई काढत!” मग तिसरं बोट. मग हातोडी उलटी धरून तोंडावर. दोन दात पत्र्यावर पडले.

तरीही ते नाहीच म्हणत होते. माणूस एवढं कशासाठी सोसतो? एका नावासाठी? मी ज्याला फॉर्ममधला पहिला रकाना म्हणतो, त्यासाठी?

मग त्यांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो.

गाडीच्या दाराशी मी उभा. अर्धा चेहरा रक्ताने भरलेला. खांद्यावर त्या माणसाचा हात. रशीदभाईंनी जे पाहिलं ते त्यांनी वाचलं, आणि कुणीही तसंच वाचलं असतं. ते रडायला लागले. बोटं तुटताना जे रडले नव्हते ते. “सरले सोडा ना बाप्पा! सरले कायले मारलं? त्याइचं काय हाय यात? काढा, काढा टेंडर — सर, काढून टाका, माही संमती हाय.”

संमती. माझाच शब्द. तो त्यांच्यापर्यंत कसा पोचला, कुणास ठाऊक. मारताना त्यांच्यातला कुणी बोलला असेल.

मी काय बोललो? मला कुणी मारलेलं नाही, हे एवढंच वाक्य पुरलं असतं. मराठीत चार शब्द, हिंदीतही तेवढेच असतील. मी ते बोललो नाही. मी मान हलवली, जणू दुखतंय.

त्यांना लोकांनी यवतमाळला नेलं तेव्हा मी गाळ्यात होतो. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांच्या सहीने टेंडर मागे घेतलं. संगणक कारण विचारतो. मी लिहिलं — वैयक्तिक.

दवाखान्यात त्यांचा हात गुंडाळलेला होता, तोंड सुजून बंद झालं होतं. डाव्या हाताने त्यांनी माझ्या कपाळाची पट्टी चाचपली. पोलिसांत जाऊ का, असं भाभींनी मला विचारलं. भाभी म्हणजे त्यांची बायको. मी साक्षीदार होतो, एकटाच. मी म्हणालो, त्यात काही अर्थ नाही, उलट त्रास वाढेल. त्यांनी ऐकलं. शिकलेल्या माणसाचं ऐकतात.

त्यानंतर सहा वर्षं रशीदभाई जगले. ती तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. वेल्डिंगची दांडी डाव्या हातात धरून पाहिली, जोड वाकडे यायचे, मग मशीन विकलं. दुकानासमोर खुर्ची टाकून बसत. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, सरने माझ्यासाठी मार खाल्ला, तरी नाव सांगितलं नाही. माझ्यासमोर सांगत. मी ‘जाऊ द्या हो’ म्हणायचो. लोकांना तो विनय वाटायचा. माझ्याकडची गर्दी त्या वर्षी वाढली — हे खरं म्हणजे सांगायलाच हवं.

मी त्यांच्या जनाज्याला खांदा दिला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो तेव्हा पुसदहून त्यांचे मोठे भाऊ आलेले होते, ऐंशीच्या पुढचे. भाभींनी त्यांना सांगितलं, हेच ते सर. म्हाताऱ्यांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि भुवईवरच्या वणावर ओठ टेकवले. ते बुटके होते. मी थोडा वाकलो, त्यांना नीट पोचता यावं म्हणून.

मग मी तिथे जेवलो. भाभींनी स्वतः वाढलं. म्हणाल्या, “आप नई होते तो उस दिन मार डालते उनको.” मी आणखी एक पोळी घेतली.

भाभी चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकल्या. मराठी त्यांना बोलता येतं, वाचता येत नाही. हे मी मराठीत लिहिलं आहे.