निळ्या होडीवरचं नाव

इंदूरमधल्या परदेशीपुऱ्याच्या त्या गल्लीत स्कूटर वळवायची म्हटली तरी दोघांना मागे सरावं लागतं. तिथे देवयानीच्या दारासमोर, दोन टायरांवर, फायबरची निळी होडी येऊन बसली होती. येणारा-जाणारा थबकायचा. कुणी विचारायचं, खान नदीला पूर येणार आहे का? देवयानी हसायची नाही. तिच्या हातात पुट्टीची पट्टी होती आणि नजर होडीच्या कुशीवर रंगवलेल्या तीन पांढऱ्या अक्षरांवर.

शैलजा. तिच्या नवऱ्याची, वासुदेवची, पहिली बायको.

शहराबाहेरच्या एका पिकनिकच्या तळ्यावर वासुदेव ही होडी चालवायचा. होडी नवी आली तेव्हा शैलजानं हौसेनं आपलं नाव रंगवून घेतलं, आणि पुढच्याच वर्षी आजारपणात ती गेली. मग देवयानी आली. तिकिटं तिनं फाडली, होडीतलं पाणी तिनं उपसलं, रडणाऱ्या पोरांना मांडीवर तिनं घेतलं; आणि काठावर उतरताना लोक त्या अक्षरांकडे बघून म्हणायचे, "अच्छा शैलजा भाभी, फिर आएँगे." कुणाकुणाला सांगत बसणार? नाव बदलू या, असं वासुदेवला म्हटलं की तो "बघू" म्हणायचा. बघू-बघू करत या उन्हाळ्यात तोही गेला. तळ्याच्या मालकानं निरोप धाडला की दिवाळीपासून होडी तुम्हीच चालवा. देवयानीनं होकार दिला, पण मनाशी ठरवलं की आधी हे नाव जाईल, मगच वल्हं हातात येईल.

पट्टीचा पहिला फटकारा 'शै'वर बसला. रंगाचा टवका उडाला आणि त्याच्याबरोबर होडीच्या अंगावर पांढरा ओरखडाही उठला. दुसरा फटकारा बसणार, तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून गोपीनाथकाका उठले.

गोपीनाथकाकांनी जन्मभर इंदूरच्या मराठी नाटकमंडळ्यांत रंगभूषा केली. किती भिकाऱ्यांचे राजे केले आणि रात्री पुन्हा त्यांना घरी जाण्याजोगं केलं, त्याला गणती नाही. आता ते काम ब्यूटी पार्लरवाल्या मुली करतात, आणि काका ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे वाचतात.

"देवयानीबाई, रागानं रंग उतरत नाही," ते म्हणाले. "कातडं उतरतं."

त्यांनी घरातून नाटकातले केसांचे टोप वाळवायचं जुनं ड्रायर आणलं. अक्षराला ऊब दिली, रंग सैलावला, की प्लॅस्टिकच्या तुटक्या पट्टीनं हळूच उचलायचा. उरलासुरला थिनरच्या फडक्यानं टिपायचा आणि लगेच साबणाच्या पाण्यानं पुसायचं. नवे नट घाईत तोंड खसाखसा घासतात, मग चार दिवस लाल माकडासारखे हिंडतात, हे सांगता सांगता त्यांनी 'ल' उतरवलासुद्धा. दुपारपर्यंत पांढऱ्याचा ठिपका उरला नाही.

उन्हं कलली तशी देवयानी पायरीवर बसली आणि तिचं होडीकडे लक्ष गेलं.

नाव तिथेच होतं. पांढरं नव्हे, निळं. होडीपेक्षा गडद, ताज्या निळ्या रंगात, काना-मात्रेसकट. बोट फिरवलं तर हाताला काही लागत नव्हतं.

"मरून इतकी वर्षं झाली, तरी जात नाही बाई," ती पुटपुटली.

काका शेजारी टेकले. म्हणाले, हा रंग नाही, हे ऊन आहे. अक्षरांखाली ऊन पोचलं नाही, तेवढी जागा नवी राहिली. बाकी सगळी होडी उन्हानं विटली.

"मग ते घासू?"

"ते घासाल तर खड्डा पडेल. नावाला हात लावू नका. बाकीची होडी घासा."

देवयानीनं लांबलचक होडीकडे पाहिलं, मग काकांकडे. "म्हणजे तिचं नाव मिटवायला मी सगळी होडी उजळायची?"

काकांनी मान डोलावली.

पलासिया भागातल्या गॅरेजमधून घासायची पेस्ट आली. आधी पाणी मारून बारीक पॉलिशपेपर, मग पेस्ट, मग मऊ फडकं. रोज सकाळचा स्वयंपाक उरकून ती बसायची. पहिल्या दिवशी हात रागानं चालत होता. मग खांदा दुखू लागला आणि रागाला जोर पुरेना. वीतभर जागा उजळली की ती मागे सरून बघायची. असा निळा! ती लग्न करून आली तेव्हा होडी राखाडीकडे झुकलेली होती. होडीचा रंगच तसा, असं ती समजून चालली होती. हा निळा शैलजानं पाहिला होता. पाहिला, आणि वर्षभरात गेली. हे ध्यानात आलं त्या दिवशी देवयानी काकांना म्हणाली, बिचारीला फार दिवस मिळाले नाहीत हो. पेस्टचा डबा पुढे सरकवून ती पुन्हा घासू लागली.

घासता घासता भोवतीचा निळा अक्षरांपर्यंत आला, त्यांच्या कडा विरल्या आणि एका सकाळी नाव कुठे होतं ते देवयानीला सापडेना. तिनं दोनदा शोधलं.

काकांनी ब्रश धुऊन ठेवलेलाच होता. काय लिहायचं, त्यांनी विचारलं. 'देवयानी' म्हणालात तर असं वळणदार काढीन की पाण्यात उलटंही सुंदर दिसेल.

तिनं त्या कोऱ्या निळ्यावरून एकदा हात फिरवला.

"नाव नको, काका. 'एका वेळी सहाच सवाऱ्या' असं लिहा. मोठं लिहा. वासुदेवचं ऐकायचे लोक, माझं ऐकतीलच असं नाही."

काकांनी ब्रश रंगात बुडवला.