लेकीच्या घरचं पान

माई, म्हणजे माझी आई, त्याच शहरात फ्रीगंजला आमच्याकडे यायची ती पाण्याची लोटी घरून घेऊन. मुलीचं कन्यादान केलं की तिला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा तिचा धर्म. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आमचे हे थट्टा करायचे, "सासूबाई, नळ तर सरकारचा आहे." ती पदर सावरून म्हणायची, "नळ सरकारचा, जावईबापू, हंडा तुमचा."

बाबा गेल्यावर ती देवास गेटजवळ एका खोलीत एकटी राहून शिवणकाम करी. मला भाऊ नव्हता. नजर मंद झाली, तशी सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारू लागली. मला कळू दिलं नाही.

मग मध्य भारत राज्य जाऊन नवं राज्य झालं, राजधानी भोपाळ ठरली आणि ह्यांचा तबादला भोपाळला झाला. माईला एकटीला मागे कसं सोडायचं, ह्या विचाराने माझी झोपच उडाली. मी माईला रामघाटावर आमच्या गुरुजींकडे नेलं. ते म्हणाले, "माई, अडचणीत शास्त्र सूट देतं. बेटी भी तो संतान है." तिने वाकून नमस्कार केला. परतताना एवढंच म्हणाली, "नको ग. मला भीती वाटते."

निघण्याआधी आम्ही दोघं पुन्हा तिची समजूत घालायला गेलो. ती सिगडीवर भात ठेवत होती. बोलता बोलता तिच्या पदराने पेट घेतला. तिला कळलंही नाही. ह्यांनी नुसत्या हातांनी तो विझवला. दोन्ही तळवे भाजले.

माई आम्ही बाहेर थांबवून ठेवलेल्या टांग्यातून आमच्याबरोबर घरी आली. मी वरणभात केला. ह्यांना घास उचलता येईना, तेव्हा तिने ताट ओढून घेतलं आणि लहान मुलासारखं त्यांना भरवलं. मग हात धुऊन म्हणाली, "माझंही पान घे." मी वाढलं. ती खाली मान घालून जेवली. दुसरा दिवस तिने कडक उपासात काढला. तिसऱ्या दिवशी पुन्हा पानावर बसली.

भोपाळला ती शेवटपर्यंत आमच्याजवळ राहिली. मला मूल झालं नाही. अखेरच्या दुखण्यात एका दुपारी तिने माझं मनगट घट्ट धरलं. "खरं सांग. मी तुझ्या घरचं खाल्लं, म्हणून तर तुझं मूल अडलं नाही ना ग?"

"नाही ग माई," मी म्हटलं.

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. मी भरवलेली पेज तिने घेतली. पण प्रत्येक घोटाआधी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.