होन्नम्मानं गिरवलेल्या पेशी

होन्नम्मा सातवी पास. बंगळूरच्या एका मेंदू संशोधन संस्थेत ती एकतीस वर्षांपूर्वी काचेची भांडी धुवायला लागली, आणि आता तिच्याइतक्या चेतापेशी पाहिलेलं माणूस तिथे दुसरं नव्हतं, अगदी डॉक्टर मंडळी धरूनसुद्धा. उंदराच्या मेंदूचे तुकडे चांदीच्या द्रावणात मुरवायचे, त्यांचे पातळ काप स्लाइडवर घ्यायचे आणि मायक्रोस्कोपच्या आरशातून कागदावर दिसणारी काळी पेशी पेन्सिलीनं फांदी न् फांदी गिरवायची, हे तिचं काम. उंदराचं वय तिला कळू द्यायचं नाही, हा नियम. डब्याच्या झाकणावर नुसतं अक्षर. त्याचा उलगडा बंद पाकिटात.

यंदा पाकीट उघडलं आणि सगळंच उलटं आलं.

"पंधरा दिवसांच्या पिल्लाच्या फांद्या एवढ्या लांब? आणि मोठ्या उंदराच्या पेशीवर ही लव?" प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. विनुतानं चित्रं टेबलावर टाकली. "होन्नम्मा, दिसत नव्हतं म्हणून अंदाजानं काढलंत का? पुढच्या महिन्यापासून हे काम संगणकावर करू."

होन्नम्माची चार महिन्यांची दोनशे चित्रं रद्दीत जाणार होती, आणि निवृत्तीला सहा महिने असताना खोटं काढल्याचा बट्टा लागणार होता. पण गप्प बसेल ती होन्नम्मा कसली!

"डोळे माझे ठणठणीत आहेत, मॅडम. डबेच बदललेत. हे बघा, केसासारखे लांब, बारीक काटे. हे पिल्लूच. कुणाला धरावं कळत नाही, म्हणून चहूकडे हात टाकतंय. आणि हे? काटे कमी, पण टोकाला कसे गुबगुबीत! नको ते झडलंय, कामाचं तेवढं घट्ट धरलंय. याला पंधरा दिवसांचं म्हणता? याला नातवंडं असतील!"

"एवढी खात्री? बसा मग."

विनुतानं जुन्या कामातल्या दहा स्लाइड काढून त्यांच्या चिठ्ठ्या झाकल्या. शिवण्णा शिपायासकट अख्खी प्रयोगशाळा कॉफीचे पेले घेऊन भोवती जमली. होन्नम्मानं चष्मा पदराला पुसला.

"हे दूधपितं, डोळेही उघडले नसतील. हे महिन्याचं, आत्ता कुठे छाटणी लागलीय. हे म्हातारं."

दहाच्या दहा बरोबर.

"अक्का, माझंही वय सांगा की," शिवण्णा म्हणाला.

"तुझ्या डोक्यात आधी पेशी तर सापडू दे!"

सगळे हसले. दुपारी विनुतानं वय लिहिलेल्या मूळ बाटल्यांतले, आधीच मुरवलेले उरलेले तुकडे कापून ताडून पाहिले. डबे खरोखरच उलटे होते. झाकणाच्या कडेला कुंकवाचा डाग होता. चार महिन्यांपूर्वी आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, मायक्रोस्कोपपासून डब्यांपर्यंत सगळं पुसून, कुंकू लावून मांडलं होतं, आणि होन्नम्मा तेव्हा गावी गेली होती.

"झाकणं मीच पुसली होती," विनुता सगळ्यांदेखत म्हणाली. "बसवताना अदलाबदल झाली. चूक माझी, अक्का. तुमचं एक चित्रही खोटं नाही."

आजवर ती 'अक्का' कधी म्हणाली नव्हती. होन्नम्माची मान ताठच राहिली. तिनं पेन्सिल पुढे केली.

"आता डब्यांवरही अक्षरं घाला, मॅडम. आणि त्याआधी हिला जरा टोक करून द्या. दोनशे एकावं चित्र काढायचंय."