स्पीकरातली मिरची

जुन्या स्पीकरांचा कुजलेला फोम बदलायला काल खोकी उघडली, तर आतून मिरचीची धूळ उडाली. मी असा शिंकलो की शहाद्याची एसटी थांबली असेल!

खूप वर्षांपूर्वी कोरीटच्या आमच्या शेतात मिरची वाळत होती. आईला ऐकू येईनासं झालेलं. आप्पांनी स्पीकर मिरचीतच मांडून आवाज पूर्ण वाढवला. मिरच्या नाचल्या, अर्धा तालुका शिंकला. आईने खोक्यावर हात ठेवला.

"आयकू येस का?" आप्पांनी खुणेने विचारलं.

"नही. पन हातले समजस."

आप्पांचे डोळे वाहू लागले. मी तेव्हा दोष मिरचीला दिला.

आता आप्पा नाहीत. काल त्याच स्पीकरांना नवा सबवूफर जोडला. फरशी थरथरली, तशी आई पाय टेकवून कोणी आल्यासारखी दाराकडे बघत म्हणाली, "तुन्हा आप्पा उनात का रे?"