प्रमाणपत्रांच्या घड्या

येवल्यात आमच्या घरी पुढच्या खोलीत माग होता आणि मागच्या खोलीत आम्ही राहत होतो. आप्पा पैठणी विणायचे. विणून झालेली साडी व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत आईच्या ताब्यात असायची. ती साडी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची आणि मधूनमधून बाहेर काढून तिची घडी बदलायची. रेशीम एकाच घडीवर फार दिवस राहिलं की तिथेच चिरतं, जरीची तार तुटते.

आईला लिहिता-वाचता येत नाही. जपायची वस्तू कशी जपायची, हे ती साडीवरूनच शिकली होती. त्यामुळे घरातला प्रत्येक महत्त्वाचा कागद तिने तसाच जपला. रेशनकार्ड, माझ्या गुणपत्रिका, आप्पांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं मलमलीत, आणि दर दिवाळीला उलगडून नव्या जागी घडी. मी हसायचे.

"आई, कागद आहे तो. रेशीम नाही."

"मंग काय झालं? घडी ती घडीच."

दादाची मोटोक्रॉसची प्रमाणपत्रंही तिने तशीच जपली.

गेल्या महिन्यात ऑफिसात डबा खाताना एका सहकाऱ्याने सहज विचारलं, "मॅडम, तुमचे भाऊ त्या मातीतल्या मोटारसायकल शर्यती खेळायचे ना? माझा मुलगा दिवसभर मोबाईलवर तेच बघतो. मी म्हणतो, कबड्डीसारखा शाळाशाळांत न्यायला हवा हा खेळ. तुमचं काय मत?"

"हो, न्यायला हवा," मी म्हणाले आणि डब्याला झाकण लावलं. तेव्हा जे बोलता आलं नाही ते लिहिते आहे.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो आप्पांबरोबर मागावर बसला, पण मग मला शिकायचं होतं आणि एका मागावर ते होणार नव्हतं. तो नाशिकला आला आणि द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजात लागला. बारावीनंतर मीही आले. पंचवटीत आम्ही एक खोली घेतली. सकाळी भाजीबाजाराच्या गर्दीतून वाट काढत तो मला कॉलेजला सोडायचा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी पदवीधर झाले ती त्याच्या गाडीवर मागे बसून, असं मी आजही सांगते.

गॅरेजातच त्याला मोटोक्रॉसचं वेड लागलं. शहराबाहेर पडीक जमिनीवर जेसीबी लावून मातीचे उंचवटे करायचे, टँकरने पाणी मारायचं आणि त्या वेड्यावाकड्या मार्गावर गाड्या पळवायच्या. उंचवट्यावरून गाडी हवेत जाते आणि चार-पाच माणसांची लांबी ओलांडून पलीकडे उतरते. पहिल्यांदा मी पाहायला गेले तेव्हा बांधावर माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या. दादा हवेत गेला तशा त्या ओरडल्या, "आगं बाई! कोणाचं हाय हे कार्टं? आईबाप नाय का याला?"

"हायेत," मी म्हणाले. "मी बहीण हाय त्याची."

"मंग आवर की त्याला!"

तो दुसरा आला. धुळीने भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मला म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही जमिनीवर फर्स्ट क्लास, आम्ही हवेत." कप त्याने गॅरेजात ठेवला, प्रमाणपत्र आईला पाठवलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्याच्या गॅरेजचे सेठ येवल्यात दुसरं गॅरेज काढायला निघाले. ते दादाला सांभाळायला देणार होते. आप्पांची नजर कमी होत चालली होती, तेव्हा दादाला घरी जायचंच होतं. शर्यती आता बास, असं तो स्वतःच म्हणाला.

त्याच आठवड्यात अभ्यासिकेत मी नोकरभरतीची एक जाहिरात वाचली. खेळाडूंसाठी काही जागा राखीव होत्या. राज्यस्तरावर पहिल्या तिघांत आल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. मी पळत खोलीवर गेले.

"दादा, तुला सरकारी नोकरी लागू शकते."

"मला? दहावीवर?"

"खेळाडू म्हणून. राज्याच्या स्पर्धेत तिसरा जरी आलास तरी चालेल. अजून दोन वर्षं खेळ, अशा जागा पुन्हा निघतातच. गॅरेज काय, नंतरही मिळेल."

तो बराच वेळ कढईतली भाजी हलवत राहिला. मग म्हणाला, "नक्की ना? तू नीट वाचलंयस ना?"

"वाचलंय."

आईने फोनवर एवढंच म्हटलं, "ती शिकलेली हाय. ती सांगते तसं कर."

जाहिरातीत खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, खेळ मान्यताप्राप्त खेळांच्या यादीतला असावा. ती ओळही मी वाचली होती. यादी काढून पाहिली नाही. खेळ म्हणजे खेळ, त्यात आणखी काय पाहायचं, असं मला वाटलं. मी परीक्षेचा अर्ज भरताना स्वल्पविरामसुद्धा तपासणारी मुलगी, पण तेव्हा आनंदात होते.

दादाने येवल्याचं गॅरेज नाकारलं. ते दुसऱ्या मिस्त्रीला मिळालं. पहिल्या वर्षी तो चौथा आला. त्या हिवाळ्यात आप्पा गेले. शेवटच्या महिन्यात ते रोज विचारायचे, मोठा कधी येतो. तो रविवारची एसटी पकडून यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा, कारण संध्याकाळी सराव असायचा.

दुसऱ्या वर्षी तो तिसरा आला. पण त्याच दिवशी नंतरच्या दुसऱ्या एका शर्यतीत उंचवट्यावरून उतरताना पुढचं चाक मऊ मातीत रुतलं. मी बांधावरच होते. पडण्याचा आवाज फार मोठा नव्हता, गोणी टाकावी तसा होता. उजव्या मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली. दवाखान्यात प्लेट बसवून त्याला बाहेर आणलं तेव्हा तो गुंगीतच हसला. "मिळालं ना तुझं सर्टिफिकेट? आता बास."

पुढच्या भरतीआधी प्रमाणपत्रांची पडताळणी करायला मी सरकारी क्रीडा कार्यालयात गेले तेव्हा आईही येवल्याहून आली होती. मलमलीचं बोचकं तिने स्वतः मांडीवर धरून आणलं होतं. ती दाराजवळच्या बाकावर बसली. दादा हात गळ्यात बांधून खाली गाडीपाशी थांबला. टेबलामागचे गृहस्थ स्वभावाने चांगले होते. त्यांनी एकेक प्रमाणपत्र उलगडलं. आडव्या घड्या, उभ्या घड्या, घडीवर घडी. राज्यस्तराच्या कागदावर तर सहीच्या मधोमध घडी पडून शाई उडाली होती.

"ताई, हे काय?" ते मोठ्याने हसले. "भेळ बांधून आणली होती का यात? असे कागद कोण स्वीकारणार?"

मग त्यांनी खणातून यादी काढली, बोट फिरवत वरून खाली आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घड्यांचं सोडा हो. मूळ संयोजकांकडून दुसरी प्रत मिळेल. पण हा खेळच यादीत नाहीये. तुम्ही आधी पाहिलं नाहीत?"

मी वळले तेव्हा आई उभी होती. तिने पहिलं वाक्य ऐकलं होतं, दुसरं नाही.

"घड्यांमुळं?" तिने विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली. इतक्या वर्षांत मी ते स्वतःला पुष्कळदा समजावलंय, पण मान हलवणं आणि हो म्हणणं यात काही फरक नाही.

उशीर झाला म्हणून दादा वर येत होता; त्याला मी जिन्यातच, आई मागून येण्याआधी, खरं सांगितलं. तो पायरीवर टेकला. "म्हणजे आमचा खेळ खेळच नाय?" मग म्हणाला, "मंग काय करत होतो गं मी?" वरून आई उतरताना दिसली तसा तो गप्प झाला. तिने त्याच्या प्लॅस्टरला हात लावून म्हटलं, "माझ्यामुळं झालं रे." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून तो थांबला असावा. मी बोलले नाही. "जाऊ दे आई," तो म्हणाला. "कागद काय, फाटायचेच." त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही, माझ्याजवळसुद्धा.

आता तो द्वारकेलाच स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतो. पाना जोरात आवळता येत नाही आणि मागावर धोटा फेकता येत नाही. नाशिकला शर्यत असली की मात्र सुट्टी काढून जातो आणि उंचवट्यापाशी पिवळा झेंडा घेऊन उभा राहतो. पुढे कोणी पडलं की मागून येणाऱ्यांना तो झेंडा दाखवायचा असतो. डाव्या हाताने दाखवतो.

त्या सहकाऱ्याला मी खोटं सांगितलं नाही. हा खेळ मोठा व्हावा असं मला वाटतंच. यादीत नाव असतं तर बांधावर नीट डॉक्टर असता, शिकवायला कोणी असतं, आणि पडीक जमिनीवर जीव टाकणाऱ्या पोरांना कोणीतरी खेळाडू म्हटलं असतं. पण कोणी आपल्या मुलाला त्यात घालतो म्हटलं की मला तो गोणी पडल्यासारखा आवाज ऐकू येतो, आणि मी हो म्हणूनही डबा बंद करते. खेळ यादीत येईपर्यंत निदान त्या मुलांना त्यांचा कागद कुठे चालतो आणि कुठे नाही हे कोणीतरी आधीच सांगायला हवं. माझ्यासारखं अर्धं वाचून नव्हे.

यंदा माझं लग्न ठरलं. मी बारावी झाले त्या वर्षी आप्पांनी एक पैठणी विणली होती, मोरपंखी, माझ्यासाठी. त्यांनी न विकलेली ती एकच. ती त्याच ट्रंकेत होती. मागच्या रविवारी मी येवल्याला गेले आणि ट्रंक उघडली. वर प्रमाणपत्रांचं मलमलीचं बोचकं, खाली साडी. उलगडली तर पदराच्या अलीकडे, घडीच्या रेषेवर, रेशीम हातभर चिरलेलं होतं.

"आई, हिची घडी बदलली नाहीस?"

"त्या दिवसापासून नाय उघडली ट्रंक," ती म्हणाली. "माझ्या घडीनं एकाचं वाटोळं झालं. म्हटलं तुझ्या साडीला हात लावायला नको."

मी जमिनीवर बसले. साडी मांडीवर तशीच होती. "आई, घड्यांमुळं नव्हतं ते. दादाचा खेळच यादीत नव्हता. मी यादी बघितली नव्हती. त्यांनी सांगितलं मला तिथंच. मी तुला सांगितलं नाही."

बाहेर कोणाच्या तरी मागाचा खटखट आवाज चालू होता.

"त्याला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तो बी नाय बोलला." तिने साडीच्या चिरेवरून बोट फिरवलं. "पोरी, एवढी वर्षं मी त्याला जेवाया वाढताना वर मान करून बघितलं नाय गं."

मी रडले. ती रडली नाही. मला जवळही घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं. तिने बोचक्यातून राज्यस्तराचं प्रमाणपत्र काढलं, उलगडून फरशीवर ठेवलं, तळहाताने सपाट केलं.

"त्याचं नाव कुठं हाय यात?"

मी बोट ठेवलं. एक जुनी घडी बरोबर नावावरूनच गेली होती.

तिने माझं बोट बाजूला सारलं. मग नाव मोकळं राहील अशी जागा बघून, हळूच, तिने नवी घडी घातली.