धोंडिबाचा पेला

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. आजही जातो. पण मुळशीतली ही एक गोष्ट... ती तुमच्या अंकासाठी लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या – शाळा चौथीतच सुटली.

माझं गाव वऱ्हाडात. साठ सालाच्या आसपास कामासाठी पौडला आलो. तिथल्या नानांनी कामावर ठेवून घेतलं, स्वतःच्या पोरांच्या पंगतीला जेवू घातलं. ते उपकार फिटणारे नाहीत. नाना लढाईतल्या जुन्या वस्तू गोळा करून पुण्यात विकायचे – बिल्ले, गोळीच्या पुंगळीचे लायटर, शिपायांनी फावल्या वेळात घडवलेली भांडी. गावोगाव फिरायचं काम माझं. त्यांची ताकीद एकच, "देव्हाऱ्यातलं काही आणायचं नाही."

एकदा तीन दिवस रिकाम्या हाताने आलो. नानांनी नेहमीसारखं पंगतीला बसवलं, पण माझ्या मनात एकच – काढून टाकलं तर जायचं कुठे?

चौथ्या दिवशी जवळच्या माण गावातल्या एका म्हातारीच्या देव्हाऱ्यात पेला दिसला. तोफगोळ्याची पितळी पुंगळी कापून केलेला, खिळ्याच्या ठिपक्यांनी नाव ठोकलेलं – धोंडिबा. तिचा मुलगा. वाळवंटातल्या लढाईत पाणी पाणी करत गेला म्हणे. सोबत्याने पेला आणून दिला, तेव्हापासून ती रोज सकाळी तो पाण्याने भरायची.

मी म्हणालो, "आजी, यात तोफेची दारू असते. कधी उडेल सांगता येत नाही. सरकारजमा करायचा हुकूम आहे."

"आरं लेका, अठरा वर्सं पानी भरतीया. अजून उडाला न्हाई, आन् आता उडतुया व्हय?"

"पोलीस येतील, आजी."

तिने त्यातलं पाणी तुळशीत ओतलं. पेला पदराने पुसून माझ्या हातात दिला. "पोरगं घेतलं सरकारनं. पेला बी घ्या म्हनावं."

नानांना सांगितलं, फडताळातला आहे. चिंचेने घासला, कोरडा केला, कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. सकाळी उघडतो तर पेला काठोकाठ भरलेला... आणि भोवतीचा कागद कोरडा. वाटलं, पोरांचा खोडसाळपणा. पाणी ओतलं, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी नानांना बोलावून त्यांच्यासमोर ट्रंक उघडली. भर वैशाखात पाणी गार होतं.

नानांनी एवढंच विचारलं, "देव्हाऱ्यातला ना?"

मी मान खाली घातली.

"देऊन ये. आणि जेवायला वेळेवर ये."

म्हातारीने पेला कपाळाला लावला. "सरकारनं परत दिला? म्या तर रोज त्या जागंवर तसंच पानी वतत व्हते. नवल बग, भुई वली व्हत न्हाई."

मी हात लावून पाहिला. सारवलेली जमीन खडखडीत कोरडी, साधा ओघळसुद्धा नाही.

"तू सांगितलं आसशील साहेबाला. व्हय ना?"

खरं सांगायला तोंड उघडलं... आणि "हो" म्हणालो.

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. गुळाचा खडा दिला, त्याच पेल्यातलं पाणी दिलं. मी ते प्यालो.

ट्रंकेत पाणी कसं आलं, मला अजून कळलेलं नाही. ते ज्याला विचारावं असं माझ्याजवळ कुणी नाही. पण तो "हो" कुठून आला, ते मला माहीत आहे – "पोलीस येतील" ज्या भीतीतून आलं, तिच्यातूनच.