माहेर विचारायचं नाही

पोरीला सांभाळायला बाई हवी होती. पोरगी पाळण्यातली, पण आवाज असा, की सिडकोतल्या आमच्या गॅलरीत ती रडली की दौलताबादच्या किल्ल्यावरचे पर्यटक दचकून खाली उतरायचे. बायकोची रजा संपत आलेली. सोमवारी वाळूजच्या कंपनीत हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात कळवलं होतं. आणि ही नोकरी तिनं मला पारखलं त्यापेक्षा जास्त पारखून धरलेली होती.

मुलाखती घ्यायला बसली माझी आई. तिथंच घोटाळा झाला. समोर माणूस आलं की आईला एकच प्रश्न सुचतो, "माहेर कुठलं?" मग गाव, गावातली आळी, मामाचं गाव. आमच्या मराठवाड्यात असं खोदत गेलं की नातं लागतंच, रक्ताचं नाही तर गावाचं. आईपुढं चंद्रावरचा माणूस बसवला तरी ती त्याला संध्याकाळपर्यंत पैठणकडचा ठरवेल.

पहिली बाई चितेगावची. चहा उकळेपर्यंत ती आईच्या मावसबहिणीच्या नणंदेच्या शेजारची निघाली. झालं! कामाला आलेली बाई पाहुणी झाली. आईनं पोहे केले, हळदीकुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला आणि तिला रिक्षापर्यंत पोहोचवून आली.

"आई, अगं कामाचं काय?"

"घरच्या लेकीला दुपटी धू म्हणू? जनाची नाही तर मनाची तरी!"

दुसरी भाची निघाली. तिसरी तर थेट आत्या. मला तिच्या पाया पडायला लावलं. पोरीच्या बारशाला नव्हते एवढे नातेवाईक त्या आठवड्यात घरात जेवून गेले, सांभाळायला मात्र कुणी नाही. शनिवारी बायको लॅपटॉप उघडून राजीनामा लिहायला बसली.

तेवढ्यात शेजारणीनं धाडलेली एक बाई आली. दारात मावेना अशी धिप्पाड. आईनं सुरुवात केली, "माहेर..."

"आजी, नातं काढू नका बरं," बाई म्हणाली. "मागच्या घरी मी मावशी झाले, अन् दिवाळीची सुट्टी मागायची चोरी झाली. मी कामाला आलेय. पोरगी दावा."

आईचा प्रश्न उभ्या जन्मात पहिल्यांदा घशातच राहिला. मग त्या बाईनं आमचीच मुलाखत घेतली.

"पोरीला गप करायला मोबाईल कोण देतं?"

मी पंख्याकडं बघायला लागलो.

"हे व्हय? अन् दादा, संध्याकाळी घरी आल्यावर पोरीला घेता, का पुन्हा मोबाईललाच?"

लॅपटॉपमागून बायको हसली. आठवड्यात पहिल्यांदाच.

बाईनं पोरीला उचललं मात्र, पोरीनं भोंगा लावला. समोरच्या इमारतीच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. कुत्री गल्ली सोडून गेली. मी भलेभले पहिलवान बघितलेत, पण असं पाय रोवून उभं राहणं बघितलं नाही. बाई कव्वाली ऐकावी तशी मान डोलवत होती. पोरगी दम घ्यायला थांबली, तेव्हा म्हणाली, "लई भारी! आमच्या सिल्लोडात कापसाचा लिलाव पुकारशील तू. घे, अजून घे."

सिल्लोड! आईचे डोळे लकाकले. तिथं तिची अख्खी चुलती राहते. ओठ हलले. बायकोनं आईकडं बघितलं, नुसतं बघितलं. आईनं पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिचा एवढा मोठा त्याग मी दुसरा पाहिला नाही.

बायकोनं लॅपटॉप मिटला.

सोमवारी ती पोरीची नजर चुकवून हळूच निसटायला बघत होती. बाईनं अडवलं. "ताई, चोरासारखं जाऊ नका. सांगून जा. रडली तर रडली, ऐकायला मी हाय की."

बायकोनं पोरीचा मुका घेतला, "संध्याकाळी येते," म्हणाली आणि जिना उतरली. पोरगी अपेक्षेप्रमाणे पेटली. बाईनं तिला गॅलरीत नेलं, तिचा चिमुकला हात धरून टाटा करवला. कोपऱ्यावर कंपनीची बस आली. बायको क्षणभर वर बघत राहिली, मग चढली. बस सुटली.

मी डोळे पुसत उभा होतो.

"दादा," बाई म्हणाली, "एका वेळी एकच लेकरू सांभाळते मी. निघा तुम्ही पण."